मिल्याचा राजीनामा आणि आजोबांचा सातबारा

नोकरकपातीच्या एका बातमीवरून सुरू झालेली चर्चा मिल्याने नेहमीप्रमाणे स्वतःवर ओढून घेतली.

"आपलं ठरलंय. पुढच्या महिन्यात राजीनामा. मुळशीत दोन एकर, देशी गाय, सेंद्रिय भाजी. लोगोपण तयार आहे."

"लोगो झाला म्हणजे निम्मी शेती आटपलीच," दत्ता म्हणाला. तो दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्त लिहितो, त्यामुळे या विषयातलं कळतं ते त्यालाच. "पण घेणार कोण? 1948चा कुळकायदा, कलम 63. शेतकरी नसलास तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन नावावर होत नाही."

"आमची कराडकडे आहे की जमीन!"

"सातबारा कुणाच्या नावावर?"

मिल्या कपात बघू लागला. "आजोबांच्या. ते गेले तेव्हा मी दहावीला होतो."

"पहिल्या की दुसऱ्या?" पप्याने विचारलं.

"म्हणजे वारस नोंदच नाही, कागदावर तू अजून शेतकरी नाहीस," दत्ता. "आधी मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे अर्ज. तो चौकशी करून फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरणार, 15 दिवस हरकतीची वाट बघणार, मग मंडळ अधिकारी मंजूर करणार. आणि वारस म्हणजे वडील, काका, तसंच दोन्ही आत्या. त्यांना वगळून अर्ज दिलास तर हरकत आलीच म्हणून समज."

"हे सगळं ऑनलाइन होतं ना आता?"

"अर्ज ऑनलाइन होतो. आत्या होत नाही. त्यांना हिस्सा नको असेल तर हक्कसोडपत्र, तेही नोंदवलेलं. स्टॅम्पपेपरवर सही घेऊन कपाटात ठेवलंस तर त्यावर फरसाण खायचं."

"तुम्ही लोक ना, स्वप्नच बघू देत नाही," मिल्या कळवळला.

"बघ की. फक्त मे महिन्यात बघ. पावसाळ्यात प्रत्येक विहीर भरलेलीच असते. आणि मुळशीवाल्याचा सातबारा नीट वाच. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी अटींची जमीन, असेल तर तिथेच थांब, ती परवानगीशिवाय विकता येत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात कूळ, बँकेचा बोजा, विहिरीतला दुसऱ्याचा हिस्सा, सगळं तिथेच दडलेलं असतं. बयाणा द्यायच्या आधी मोजणी. 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली की कळतं, दाखवलेला बांध खरा कुठे आहे ते. रस्ता नकाशावर आहे का बघ. शेजारी आज हसून जाऊ देतो, खरेदीखत झालं की काटेरी कुंपण घालतो. आणि राजीनामा सगळ्यात शेवटी. पगाराची स्लिप आहे तोवरच कर्ज मिळतंय."

मिल्या जरा नरमला. "ठीक. आत्यांपासून सुरू करतो."

"मोठ्या आत्याला तुझ्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेली होती ना?" पप्या म्हणाला. "तीही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी?"

"ते नेटवर्क..."

"लाव फोन. स्पीकरवर. आपण साक्षीदार म्हणून बसतो, दत्ता ओळख पटवेल."

दत्ताला ठसका लागला. मिल्या हळूच म्हणाला, "तिने ब्लॉक केलंय रे मला."