सर्वांत हलकी रायफल हीच सर्वांत चांगली, हे खरं नाही

आपल्या नागपूरच्या नेमबाज मुलांच्या फोनवर सध्या एक मजकूर फिरतोय. इथून अमेरिकेत नोकरीला गेलेल्यांपैकी जे कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या (तिथल्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाऊ बघतात, त्यांना तो भारीच पटलेला दिसतो. त्याचा गोषवारा असा: डोंगरात जायचं तर परवडेल ती सर्वांत हलकी बोल्ट-ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने खटका ओढायची) रायफल घ्या, पाच पौंडांच्या (सव्वादोन किलोच्या) आतली मिळाली तर उत्तमच, ओझं कमी म्हणजे थकवा कमी, आणि थकवा कमी म्हणजे नेम पक्का, एल्क मोठं जनावर, म्हणून काडतूस मॅग्नमच (जास्त दारूचं, जोरदार) हवं, कार्बन फायबरची बॅरल (नळी) घेतली की वजनाचा प्रश्न मिटला, आणि शेवटी, परवाना असला की हे सगळं आपल्याकडेही चालतं. माझ्या भाच्याने डेन्व्हरहून तो पाठवून विचारलं, "मामा, घेऊ का अशी?" त्याला फोनवर सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण यावर पैसे घालवायला निघालेला तो एकटा नाही.

ओझ्याची तक्रार खरी आहे. तीन हजार मीटर उंचीवर दम लागतो, दिवसभर रायफल खांद्यावर असते आणि गोळी झाडायची वेळ एखादीच येते. विंचेस्टर कंपनीने मॉडेल ७० रायफलची 'फेदरवेट' आवृत्ती १९५२ साली काढली ती अशाच गिऱ्हाइकासाठी. मजकूर घसरतो तो त्याच्या पुढच्या पायरीवर: हलकी, म्हणून नेम पक्का.

नेमबाजीचे नियमच बघा. ५० मीटर रायफलला जास्तीत जास्त आठ किलो आणि १० मीटर एअर रायफलला साडेपाच किलो अशी वरची मर्यादा घालावी लागली आहे, कारण मोकळीक दिली तर नेमबाज वजन वाढवतच जातील. जड रायफल स्थिर राहते. बायथलॉनमध्ये खेळाडू रायफल पाठीवर घेऊन बर्फावरून स्की करत येतो आणि धापा टाकतच नेम धरतो. डोंगरातल्या शिकाऱ्याच्या सर्वांत जवळचा खेळ हाच. तिथे मर्यादा उलटी आहे: साडेतीन किलोपेक्षा कमी चालत नाही. वाहून न्यायला हलकी आणि झाडायला जड, ही ओढाताण दोन्ही खेळांनी कधीच ओळखली आहे. मजकुराने तिची एकच बाजू सांगितली.

किंबर कंपनीची 'माउंटन असेंट' रायफल स्कोपशिवाय (वर बसवायच्या दुर्बिणीशिवाय) जेमतेम २.२ किलोची. अशा रायफलचा ट्रिगर दीड किलोच्या दाबाला सुटणारा असेल, तर बोटाचा जोर रायफलच्या वजनाच्या दोनतृतीयांशाच्या आसपास जातो. बोट जरा तिरकं पडलं की नळीचं तोंड सरकलंच. रेंजवर पोरांना जिना दोनदा पळत चढायला लावून लगेच उभ्याने नेम धरायला सांगा. हलक्या रायफलचा क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) काळजाच्या प्रत्येक ठोक्यासरशी उडी मारताना त्यांना स्वतःलाच दिसेल.

आता धक्का. काडतूस तेच असेल तर मागे ढकलणारा संवेग तोच राहतो, म्हणून वजन घटेल त्या प्रमाणात धक्क्याची ऊर्जा वाढते. .३०८ विंचेस्टर या काडतुसाची १५० ग्रेनची (साधारण दहा ग्रॅमची) गोळी ३.६ किलोच्या रायफलमधून झाडली तर खांद्यावर साधारण २२ जूल येतात. तीच २.७ किलोच्या रायफलमधून झाडली तर २९. वजन पावपट कमी, धक्का एकतृतीयांश जास्त. त्याच २.७ किलोत .३०० विंचेस्टर मॅग्नम घातलं की आकडा ५० जूलच्या पुढे जातो.

हा आकडा शेवटी डोळ्यात उतरतो. चार-सहा गोळ्यांनंतर माणूस धक्क्याची वाट बघायला लागतो: ट्रिगर सुटण्याआधीच पापणी मिटते, खांदा पुढे येतो, नळी खाली जाते. मॅगझिनमध्ये न सांगता एक डमी काडतूस मिसळून बघा. खट् असा नुसता आवाज होतो, धक्का काहीच नसतो, तरी नळीने खाली मान घातलेली असते. ही खोड एकदा लागली की सुटायला फार वेळ लागतो. शिवाय चढावर वर नेम धरून मॅग्नम झाडताना स्कोपची कड भुवईवर बसते, टाके पडतात.

आणि मॅग्नमची गरज तरी कुठे आहे? कोलोरॅडोच्या नियमात एल्कसाठी किमान ६ मिलिमीटर व्यासाची, ८५ ग्रेन वजनाची, लागल्यावर फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा एवढंच मागितलं आहे. .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर ही साधी काडतुसं हे सहज ओलांडतात. तीनशे यार्डांच्या आत, बळकट बनावटीची गोळी फुप्फुसांत बसली तर एल्क पडतो. मॅग्नमची गोळी पोटात बसली तर जखमी जनावर दरीत उतरतं आणि तिथे तडफडून मरतं. माझा खरा राग या मजकुरावर आहे तो इथे.

कार्बनचं थोडक्यात: कार्बन गुंडाळलेली बॅरल जाड स्टीलपेक्षा हलकी असते, बारीक स्टीलच्या बॅरलपेक्षा बहुधा जडच भरते. वजन वाचवायचं तर स्कोपकडे बघा. लांब पल्ल्याचे मोठे स्कोप ८००-९०० ग्रॅमचे असतात, साधा ३-९ पॉवरचा साडेतीनशे-चारशेत मिळतो. अर्धा किलो तिथेच सुटला. माझं मत विचाराल तर टिक्का टी३एक्स लाइटसारखी २.९ किलोची रायफल, .३०८ मध्ये, वर असा छोटा स्कोप. सगळं मिळून साडेतीन किलोच्या आसपास. उरलेले पैसे काडतुसांवर आणि सरावावर घालावेत.

"आपल्याकडेही चालतं" हे मात्र धोकादायक आहे. शस्त्र परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने शिकार बंद आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरासाठीही कलम ११ खाली वन खात्याच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. उमरेड-कऱ्हांडला किंवा पेंचच्या कडेला कोणी हा मजकूर खरा मानून निघाला, तर थेट गुन्हा दाखल होईल.

आणि अमेरिकेतल्या पोरांसाठी तिथल्या कायद्याबद्दल मजकुरात एक अक्षरही नाही, ते इथे सांगतो. एच-१बी व्हिसावर असलेल्याला तिथल्या संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. म्हणून भाच्याला सांगितलं: आधी कोर्स कर, मग लायसन्स काढ, आणि ते हातात आल्यावरच रायफलच्या दुकानाची पायरी चढ.