‘स्पितीत गाडी स्टार्ट होत नसेल तर रॉकेल टाका’ वाला मेसेज कृपया पुढे पाठवू नका

डिसेंबर लागला की हा मेसेज परत फिरायला लागतो. "मनाली, स्पिती, लडाखला स्वतःची गाडी घेऊन जाताय? मग जाड ऑइल टाका, डिझेलमध्ये थोडं रॉकेल मिसळा, सेल्फ मारायच्या आधी अ‍ॅक्सिलरेटर पाच-सहा वेळा दाबा, चालू झाली की १५ मिनिटं जागेवर तापू द्या, कूलंट कमी वाटलं तर साधं पाणी टाका." या आठवड्यात मला तो तिघांनी पाठवला आणि त्यातला एक माझा मावसभाऊ, जो जानेवारीत दोन लहान पोरांना घेऊन पुण्याहून स्पितीतल्या काझाला निघालाय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

जाड ऑइल. हे बरोब्बर उलटं आहे. डब्यावर २०डब्ल्यू-५० लिहिलेलं असतं त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. २०डब्ल्यूची थंडीतली टेस्ट उणे १५ अंशाला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, ०डब्ल्यूची उणे ३५ ला. काकवीची बाटली फ्रीजमधून काढून ओतून बघा, सकाळी सेल्फला तसल्या ऑइलमधून क्रँक फिरवायचा असतो. मॅन्युअलमध्ये तुमच्या इंजिनाला ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू चालतं असं दिलं असेल तर निघायच्या आधी इथेच ऑइल बदलून घ्या.

रॉकेल. जुन्या ट्रकवाल्यांनी हे वर्षानुवर्षं केलंय आणि त्याने डिझेल पातळ होतं हे खरंच आहे. थंडीत आपलं खोबरेल बाटलीत थिजतं ना, तसं डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर चोक होतो, रॉकेलने ते जरा लांबतं. पण तुमची गाडी बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) आहे, तिचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो आणि रॉकेलला वंगण जवळपास नाहीच. शिवाय बीएस-६ डिझेलमध्ये सल्फर फक्त १० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दहा भाग) असतं, रॉकेलमध्ये त्याच्या कितीतरी पट, ते सगळं सायलेन्सरकडच्या फिल्टरच्या मुळावर येतं. आणि भेसळ म्हणून ते बेकायदाही आहे. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये खास विंटर डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहतं, मग मैदानातलं डिझेल टाकी फुल करून वर कशाला न्यायचं, बेताने भरा आणि वरच्या पंपावर विंटर डिझेल आहे का विचारून तिथे टाकी भरा. अँटी-जेल अ‍ॅडिटिव्ह टाकायचं असेल तर गारठ्यात शिरायच्या आधी, एकदा मेण धरलं की उपयोग नाही.

अ‍ॅक्सिलरेटर दाबणं हे कार्बोरेटरच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीसाठी ठीक होतं. आताच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सेन्सर बघून ठरवतो, पाय लांब ठेवा. डिझेल असेल तर चावी ऑन करून स्प्रिंगसारखा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा, फार गारठा असेल तर दोनदा करा, मग क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा. दहा सेकंदांत उचललं नाही तर सोडा, अर्धा मिनिट थांबा, परत.

१५ मिनिटं आयडल ठेवून इंजिन धड तापतच नाही, उलट गार इंजिनात जास्तीचं इंधन जातं आणि ते सिलेंडरवरचं ऑइल धुऊन काढतं. काच साफ होईपर्यंत एखाद-दोन मिनिटं, मग हळू गियरमध्ये, रेस न करता निघा. आणि बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून पोरांना आत बसवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो रे.

साधं पाणी तर अजिबातच नको. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. कॉन्सन्ट्रेट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं असेल तर उणे ३५ च्या आसपास निभतं, नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतलंत तर उलट लवकर गोठतं.

आता मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये बॅटरी हा शब्दच नाही. गारठ्यात बहुतेक गाड्या तिथेच अडकतात, उणे १८ ला बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि इंजिन फिरवायला जोर मात्र जास्त लागतो. काझाला आम्ही उतरलो होतो तिथले काका संध्याकाळी सहालाच दहाचा पाना घेऊन आले, स्वतःच्या पिकअपची बॅटरी काढली आणि कडेवर पोर घ्यावं तशी घरात नेऊन तंदूरपाशी ठेवली (तिथे लोखंडी शेगडीला तंदूर म्हणतात). सकाळी शेजारचा ट्रकवाला टाकीखाली पत्र्याच्या डब्यात निखारे ठेवून बसला होता, काकांची पिकअप मात्र दुसऱ्या सेल्फला उठली. आमची हूं की चूं नाही, कारण बॅटरी चार वर्षांची होती आणि मी पुण्यात "अजून चालतेय की" म्हणून तशीच नेली होती. बायको-मुलगी तीन तास थंडीत काकडत होत्या, ते मी विसरलेलो नाही.

म्हणून निघायच्या आधी बॅटरी लोडवर टेस्ट करून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले तर चार्ज पूर्ण आहे, १२.२ म्हणजे निम्माच. उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपासच आतून गोठू शकते, आणि गोठलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंप देऊ नका, फुटू शकते. वर मुक्कामाला रात्री काढून आत घेणार असाल तर काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.