जुनी ऑनिंग घेताय? पैसे सांगाड्याचे द्या, कापडाचे नको

ऊन तापायला लागलं की कोल्हापुरात जुन्या ऑनिंगची, म्हणजे दुकानापुढच्या कापडी छपराची, विचारपूस सुरू होते. राजारामपुरीत एखाद्या दुकानाचं नूतनीकरण निघतं, कुठलं तरी हॉटेल बंद होतं आणि त्यांची गुंडाळायची ऑनिंग विकायला येते. जुनी घ्यावीच, या मताचा मी आहे. चांगला ॲल्युमिनियमचा सांगाडा भंगारात गेलेला मला बघवत नाही. पण लोक रंग बघतात, पट्टे बघतात आणि ‘कापड अजून टकाटक आहे’ म्हणून वरचे पैसे मोजतात, हे मला अजिबात पटत नाही.

अहो, सगळ्यात आधी जातं ते कापडच. त्याची किंमत शून्य धरूनच बोलणीला बसा. उन्हानं बहुतेक वेळा आधी शिवणीचा दोरा कुजतो. शिवण दोन्ही बाजूंनी धरून जरा ओढा, दोरा कटाकट तुटला की समजलं. पीव्हीसीचं कापड असेल तर घडीवर अंगठा घासा. पांढरी भुकटी लागली, बारीक भेगा दिसल्या की ते संपलं. आणि ऑनिंग पूर्ण उघडायला लावा. गुंडाळीच्या आतला भाग ताजाच दिसतो, खरी अवस्था समोरच्या दांड्याजवळ कळते. सांगाडा धड असेल तर कापड नवीन शिवून घेता येतं.

म्हणून सगळा वेळ सांगाड्याला द्या, तोही भिंतीवरून उतरवायच्या आधी. हँडल फिरवून दोन-तीनदा उघड-मीट करा. कापड पुढे ढकलणारे दोन्ही घडीचे हात सारखे पुढे येतात का? कापड गुंडाळायचा रोलरचा पाइप मधे झुकलाय का? गिअर घसरतो का? माप घेताना एक ध्यानात ठेवा: रुंदी कापून कमी करता येते, हातांची लांबी नाही. अडीच मीटर पुढे येणाऱ्या ऑनिंगला साधारण तीन मीटर रुंदी लागतेच, नाहीतर मिटताना हात एकमेकांवर येतात. छोट्या गाळ्यासाठी मोठी ऑनिंग ‘कापून बसवू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

उतरवण्याचं काम तर जाणत्या माणसालाच द्या. त्या हातांमध्ये ताणलेली स्प्रिंग असते. हात पट्ट्यानं न बांधता कापड सोडवलं तर तो झटक्यानं उघडतो आणि समोरच्याचं तोंड फुटतं. चार पैसे वाचवायला शिडीवर पोरगं चढवणारे बघितले की माझा जीव वर-खाली होतो.

आपल्याकडच्या पावसाचं काय? ही मुळात उन्हाची वस्तू. मीटरमागे निदान 25 सेंमी उतार नसेल तर कापडाला झोळ पडून पाणी साचतं. एक चौरस मीटरवर 10 सेंमी पाणी म्हणजे 100 किलो! वळवाचं वारं सुटलं की ऑनिंग मिटायची, गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी. जून ते सप्टेंबर आडोसा हवा असेल तर सरळ पक्की पत्र्याची शेड करा.

भिंतीचा विचार मात्र खरेदीच्या आधी. उघडलेली ऑनिंग वरच्या बोल्टांना सतत बाहेर ओढते. शिवाजी पेठेतल्या जुन्या माती-विटांच्या भिंतीला हा ओढा सोसत नाही, आरसीसी बीमच पाहिजे. बोल्ट नवेच घ्या. ब्रॅकेट बसत नसेल तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये भिंतीच्या मापाचा करून मिळतो. महाद्वार रोडसारख्या रस्त्यावर खालून दिवसभर माणसं चालत असतात, तिथं बोल्टात काटकसर करणाऱ्या दुकानदाराला शेजाऱ्यांनीच अडवलं पाहिजे.