कोनाडा आणि इतर सुधारणा

विटेच्या भिंतीत भोक पाडणे आणि चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडणे या दोन स्वतंत्र विद्या आहेत, आणि मोबाईलवर घरदुरुस्तीचे धडे देणाऱ्या बहुतेक सद्गृहस्थांना त्यांपैकी पहिलीच अवगत असते. त्यांच्या चित्रफितीत भिंतीवर पेन्सिलीने खूण होते, ड्रिल फिरते, भोकात प्लास्टिकची गिट्टी बसते, स्क्रू पिळला जातो आणि तो गृहस्थ कॅमेऱ्याकडे पाहून हसतो. आमच्या सिंधुदुर्गातल्या भिंती इतक्या आज्ञाधारक नाहीत. जांभा दगड खाणीत असताना मऊ असतो, म्हणून तर त्याचे चिरे कापता येतात, आणि बाहेर वारा-ऊन लागले की तो कठीण होतो; मात्र तो सगळीकडून सारखा कठीण होत नाही. लोहाने घट्ट झालेली गाठ आणि मऊ मातीने भरलेले छिद्र एकाच चिऱ्यात शेजारी शेजारी नांदत असतात, आणि ड्रिलचे टोक गाठीला लागले की ते सोयीस्करपणे मातीकडे सरकते. त्यामुळे खूण एका जागी आणि भोक दुसऱ्या जागी, हा चिऱ्याचा स्वभावधर्म मानावा लागतो. त्यात माझा काही संबंध नाही.

सौ.ला स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांसाठी एक फळी हवी होती. फळी, ब्रॅकेट, ८ मिलिमीटरचा बिट आणि त्याच मापाच्या गिट्ट्या घेऊन मी कामाला लागलो. ड्रिलवर हातोड्याचे चित्र असलेली एक कळ असते. ती चालू केली की यंत्र फिरता फिरता ठोकेही मारते. काँक्रीटसाठी ही सोय उत्तम आहे. जांभ्यात तिने भोकाच्या कडा आतून ढासळवल्या, तांबडी भुकटी ओट्यावर सांडली आणि गिट्टी भोकात शिरून कायमची दिसेनाशी झाली. ते भोक मी सिमेंटने बुजवले. सिमेंट सुकल्यावर त्याच जागी पुन्हा ड्रिल लावले, तेव्हा सिमेंटचा तो गोळा एखाद्या दातासारखा मुळासकट बाहेर आला. चिरा पाणी फार शोषतो, म्हणून भोकातली भुकटी आधी झाडून काढावी, आत पाणी मारून ओल द्यावी आणि मगच सिमेंट भरावे, नाही तर सिमेंटमधले पाणी दगड पिऊन टाकतो आणि सिमेंट कोरडेच राहते, हे ज्ञान मला त्यानंतर झाले. तोपर्यंत भोक मुठीएवढे झाले होते. ओल दिलेले नवे सिमेंट नीट धरले, परंतु आता त्याच्या शेजारचा चिरा सुटला.

अखेर मी वास्तवाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. सुटलेला भाग छिन्नीने सरळ काढला, कडा चौकोनी केल्या, आत गिलावा केला आणि भिंतीत एक कोनाडा तयार झाला. जुन्या घरांत कोनाडे असतातच. आमच्याकडे त्या भिंतीत नव्हता, आता आहे. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी त्याचे फोटो काढले आणि पूर्वीच्या माणसांची दृष्टी किती सौंदर्यपूर्ण होती, याबद्दल भरभरून बोलले. बरण्या सध्या लोखंडी मांडणीवर आहेत. ती मांडणी मी विकत आणली, बनवली नाही, एवढे येथे नमूद करतो.

कोनाड्याभोवती मी हौसेने सिमेंटचा जो पट्टा फिरवला होता, त्याने पावसाळ्यात आपला गुण दाखवला. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल हळूहळू बाहेर पडते. सिमेंटखाली ती कोंडते आणि वाट मिळेल तिथून क्षार घेऊन बाहेर येते. पट्ट्याच्या कडेने पांढरा लोणा फुटला आणि वर दिलेला ऑइलपेंट पापड्या होऊन सुटला. तो खरवडून काढला, त्यासोबत पट्टाही काढला आणि चुना लावला. या कामाबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. खांदे दुखतात, एवढेच.

दाराची गोष्ट मात्र सविस्तर सांगावी लागेल. आमचे पुढचे दार फणसाच्या लाकडाचे आहे, आणि आषाढ लागला की ते फुगून चौकटीत असे रुतते की बाहेरचा माणूस ढकलतो आणि आतला ओढतो, तेव्हा कुठे उघडते. सुताराला निरोप धाडला होता. परंतु चतुर्थीच्या आधी सुतार भेटणे कठीण, आणि चतुर्थीनंतर भेटलेला सुतार दमलेला असतो. म्हणून मी स्वतःच रंधा उचलला. दार खाली घासते असे वाटत होते, म्हणून बिजागऱ्या सोडवून ते खळ्यात आडवे घातले आणि खालची कड तासली. दार पुन्हा बसवले, तर ते पूर्वीइतक्याच निष्ठेने अडकले. लाकूड ओल धरते तेव्हा ते तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ वाढत नाही. म्हणजे उभ्या फळ्यांचे दार रुंदीला वाढते, उंचीला नाही. चौकटीला खडू लावून दार एकदा मिटले असते, तर दाराच्या ज्या कडेला खडू लागला तीच घासते आहे, हे लगेच कळले असते. खडू लावल्यावर ते कळलेच. मग मी कडीकडची बाजू तासायला घेतली.

शेजारचे तात्या छत्री मिटून पडवीत उभे होते. त्यांनी बराच वेळ माझा रंधा न्याहाळला आणि म्हणाले, “मेल्या, पावसात दार तासतंस? दिवाळीक तेच्यातसून मांजर येतला.”

तात्यांचा अंदाज थोडा चुकला. मांजर दिवाळीनंतर आले, थंडी पडल्यावर. लाकूड सुकून आकसले, आणि मी काढलेला भुसा व निसर्गाने काढून नेलेली ओल यांची बेरीज होऊन दार व चौकट यांच्यामधून खळ्यातली तुळस दिसू लागली. त्या फटीवर मी रबराची पट्टी चिकटवली. पुढच्या आषाढात लाकूड फुगले, पट्टी जागच्या जागी होती, आणि आम्ही काही काळ मागच्या दाराने ये-जा केली. यावरचा उपाय दार बांधणाऱ्याने पहिल्याच दिवशी करायचा असतो: दाराच्या सहाही बाजूंना, विशेषतः कोणाला न दिसणाऱ्या वरच्या आणि खालच्या कडेला, कोरड्या दिवसांत रंग किंवा तेल द्यावे, म्हणजे ओल कमी शिरते. मी तासलेल्या कडा मात्र पावसाळाभर उघड्याच राहिल्या होत्या.

कौलांकडे मी वळलो तो गळतीमुळे. मंगलोरी कौलांचा इतिहास मोठा आहे. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही लाल छपरे साऱ्या किनाऱ्यावर पसरली. या कौलांच्या कडांना खाचा असतात आणि त्या शेजारच्या कौलात अडकतात, ही त्यांची खुबी. परंतु प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा, त्यामुळे एकाचे कौल दुसऱ्याच्या खाचेत बसेलच असे नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमची काही कौले उडाली, तेव्हा हाताला लागली ती बसवून घेतली होती. माजघरात जिथे थेंब पडत होता, त्याच्या बरोबर वरचे कौल मी शिडीवर चढून आतूनच उचलले आणि बदलले. ते बिचारे निर्दोष होते. पाणी वर कुठेतरी शिरते, रिपेवरून आणि वाशावरून आपल्या सोयीने चालत येते आणि कंटाळले की खाली पडते. खरी फट पार आढ्याजवळ होती, आणि मी आणलेल्या नव्या कौलाने बेजोड खाचेमुळे खाली आणखी एक फट निर्माण केली. शेवटी सरपण ठेवायच्या मांगरावरची जुन्या साच्याची कौले काढून घरावर चढवली आणि बेजोड कौले मांगरावर घातली. माजघर आता कोरडे आहे. मांगरातल्या चुलीच्या लाकडांबद्दल सौ.चे मत निराळे आहे.

गेल्या उन्हाळ्यात सुतार खरोखरच आला. त्याने दार उघडले, मिटले, कडेवरून बोट फिरवले, खाली वाकून खालची कड पाहिली, पट्टीच्या गोंदाचे डाग नखाने खरवडले आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. मग त्याने मला विचारले, “ह्या आदी कोणाकडसून करून घेतलात?”

मी कौलांकडे पाहिले. सौ. चहा घेऊन बाहेर येत होती, ती म्हणाली, “होता एक. मुंबईकडचा.”

“तेका परत घरात घेव नकात,” सुतार कळवळून म्हणाला.

तसे करणार नाही, असे मी त्याला सांगितले, आणि सौ.ने, सुताराला नीट ऐकू आले नसावे म्हणून, ते माझ्याकडून पुन्हा एकदा मोठ्याने वदवून घेतले.