‘बीपीए फ्री’ म्हणजे नेमकं कशापासून फ्री?

बाटलीवर ‘बीपीए फ्री’ असा शिक्का दिसला की आपण निर्धास्त होतो. मला त्या शिक्क्याचा हल्ली रागच येतो.

बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए. पॉलिकार्बोनेट प्लास्टिक आणि डबाबंद अन्नाच्या डब्यातलं इपॉक्सीचं अस्तर यांचा कच्चा माल. तो शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा (हार्मोनसारखा) वागतो हे डॉड्स आणि लॉसन या शास्त्रज्ञांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. पॉलिकार्बोनेट बाजारात आलं त्यानंतर, पन्नाशीच्या दशकात. म्हणजे ‘तेव्हा कुणाला माहीत होतं?’ ही सबब इथे चालत नाही.

पेशीत इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप पकडणारी प्रथिनं असतात. बीपीए त्यांना चिकटतो, मग रिसेप्टर डीएनएवर जाऊन बसतो आणि नको त्या वेळी जनुकं चालू-बंद होतात. खऱ्या इस्ट्रोजेनच्या तुलनेत ही पकड हजार पटींहून कमकुवत, म्हणून काळजी नको, असं सांगितलं जायचं. पण पेशीच्या आवरणावरच्या रिसेप्टरमार्फत अगदी कमी मात्रेतही परिणाम दिसतात. आणि गर्भात अवयव घडत असताना तर वेळ चुकली तरी पुरतं.

१९९८ मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या बीजांडांत अचानक गडबड दिसू लागली. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रं मधोमध नीट रांगेत लागेनात. एरवी एक-दोन टक्के बीजांडांत दिसणारा दोष चाळीस टक्क्यांवर गेला. आणि हे कंट्रोल गटात, ज्यांना काहीच दिलेलं नव्हतं! शोध घेतला तर पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि बाटल्या चुकीच्या, तीव्र डिटर्जंटने धुतल्या गेल्या होत्या आणि त्यांतून बीपीए झिरपत होता.

पुढे उत्पादकांनी बीपीए काढून बीपीएस, बीपीएफ अशी त्याचीच भावंडं वापरली. २०१८ मध्ये हंट यांच्याच गटाने दाखवलं की बीपीएससारख्या पर्यायांनीही उंदरांत बीजांडं आणि शुक्राणू घडताना गुणसूत्रांत बिघाड होतो. बाटलीवरचा शिक्का मात्र खरा, कारण बीपीए खरोखरच नाही!

शरीर बीपीए साधारण दिवसभरात लघवीवाटे टाकून देतं, हे खरं. पण आपण तो रोज नव्याने घेतो. अमेरिकेच्या २००३-०४ च्या पाहणीत ९३ टक्के लोकांच्या लघवीत तो सापडला होता. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची सुरक्षित मर्यादा एका झटक्यात २०,००० पटींनी खाली आणली.

माझं म्हणणं एवढंच, की परवानगी किंवा बंदी अख्ख्या बिस्फेनॉल कुटुंबाचा विचार करून ठरवा आणि निरुपद्रवी असल्याचा पुरावा विकणाऱ्याकडून आधी मागा. युरोपने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीएवर बंदी घालताना घातक ठरलेली इतर बिस्फेनॉलंही धरली आहेत. पण ‘घातक ठरलेली’च. बाकीच्यांचा निकाल लागेपर्यंत ती वापरात राहणारच.