मीटर लावा आधी, मग तोंड उघडा

गाडी सुरू होत नाही म्हटलं की बॅटरी. कट-कट-कट वाजलं की बॅटरी. एकदाच खट् करून गप्प बसली तरी बॅटरीच! या सर्व्हिस सेंटरवाल्यांना गाडीतलं दुसरं काही शिकवलंय की नाही? आमच्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात पावशेर मिरची घेतली तरी काट्यावर टाकून देतात, आणि हे हजारोंची वस्तू नुसत्या अंदाजावर गळ्यात मारतात.

आज सकाळी आण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. सेल्फ मारला, तर नुसती कट-कट. हेडलाईट लावून परत मारला, तर दिवे झगझगीत, जराही मंद होईनात. बॅटरी बसलेली असती तर सेल्फ मारताच दिवे मान टाकतात. घरात मीटर आहे. तो लावला, १२.५ व्होल्ट. म्हणजे बॅटरी ठीक होती आणि करंट वाटेत कुठेतरी अडत होता. हे सगळं मी सर्व्हिस सेंटरच्या माणसाला फोनवर सांगितलं. त्यावर त्याचं उत्तर काय, तर "सर, आमच्याकडे ट्रेन्ड टेक्निशियन आहेत, सर." प्रत्येक वाक्याला दोन वेळा सर, पण ऐकून घ्यायची तयारी शून्य.

आण्णांना ताटकळत ठेवणार किती? रिक्षा केली आणि निघालो. माझ्यामागं यांचा माणूस घरी आला. बोनेट उघडलं, चावी फिरवली, कट-कट ऐकलं आणि आईला म्हणाला, "काकू, बॅटरी डेड आहे. साहेबांशी बोलणं झालंय." कुणाशी बोलणं झालंय? माझ्याशी? एक शब्द नाही! सत्तरीच्या बाईला खोटं सांगून नवी बॅटरी बसवली, जुनी उचलून स्वतःच्या गाडीत टाकली, साडेसहा हजारांचं बिल तिच्या हातात दिलं आणि पैसेही घेतले. तिनं देवाच्या कपाटातले काढून दिले. आणि एवढं करून गाडी सुरू झाली का? नाही! नव्या कोऱ्या बॅटरीवर तीच कट-कट. तर म्हणे, "मग सेल्फ पण गेलाय, गाडी टो करून आणावी लागेल."

घरी आल्यावर हे ऐकलं आणि डोकं सणकलं. फोन केला तर बिल सिस्टिमला पडलंय, आता मागं घेता येत नाही. खोटं बोलता येतं, बिल मागं घेता येत नाही!

शेवटी उद्यमनगरातल्या ओळखीच्या वायरमन मामांना बोलावलं. एम-एटीवरून आले, पिशवीत मीटर आणि चार पाने. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि मला म्हणाले, "मारा सेल्फ." काटा थेट पाचाच्या पुढं. तिथं फार तर अर्धा व्होल्ट दिसायला पाहिजे. "दादा, बॅटरीचा काय बी दोष न्हाई. अर्थिंग खाल्लंय." इंजिनवरनं बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी, म्हणजे करंटची बॅटरीकडं परतायची वाट, सोडली. बोल्टाखाली हिरवी-पांढरी भुकटी, पट्टीच्या तारा निम्म्या तुटलेल्या. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच, ओढायला लागतो तेवढा करंट त्यातनं जात होता, म्हणून कट वाजायचं. सेल्फची मोटर फिरवायला शंभरावर अँपिअर लागतात, ते कुठनं जाणार? पॉलिश पेपरनं जागा घासली, नवी पट्टी टाकली, बोल्ट आवळला. अर्ध्या चावीत गाडी सुरू. तीनशे रुपये घेतले, आणि तेही चहा झाल्यावर.

ही पट्टी सडायचं कारणही सांगतो. दर पावसाळ्यात उकरलेल्या रस्त्यांवरच्या गढूळ पाण्यातनं गाडी काढायची, ते पाणी खालनं सगळीकडं उडतं. ते खड्डे कुणी बुजवत नाही ते नाहीच. आणि दर सर्व्हिसिंगला "गाडी खालनं चेक केली" असा टिकमार्क असलेला कागद मिळतो. काय चेक केली? बिलात एसी क्लीनिंग असतं, इंजिन डीकार्बन असतं, नको म्हटलं तरी अलाइनमेंट असतं. बोल्ट बघायला मात्र कुणाकडं वेळ नाही. आणि दुसऱ्या दिवशी फोन, "सर, दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापतात." तुमचा इन्सेंटिव्ह कापतात, आमचा खिसा कापता त्याचं काय?

या गावानं टोलविरोधात रस्त्यावर उतरून झेंडे नाचवले. आणि तीच माणसं काउंटरवर न मोजलेल्या बॅटरीचे पैसे मुकाट मोजतात. का? दारात आलेल्या माणसाला सरळ सांगा, सेल्फ मारताना मीटर लावून दाखव. बॅटरीवर नऊ-साडेनऊच्या खाली गेलं तरच बॅटरीचं बोल. नाही तर टर्मिनल साफ कर, अर्थिंग बघ, मग सेल्फला हात घाल.

उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तिथं उभा असणार. आईकडनं घेतलेले साडेसहा हजार आणि माझी जुनी बॅटरी, दोन्ही पाहिजेत. बॅटरी भंगारात गेली म्हणाले तर ती कुणाला विकली तेही लिहून घेणार आहे.