गोल्फ कार्ट ‘लीगल’ करण्याचे घरगुती उपाय

गेल्या शनिवारी दिवेलागणीला दूध-भाजी घेऊन घरी परतत होतो. फ्लोरिडातल्या आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, फाटकातून आत शिरल्यावर तिसरं वळण. तिथल्या झुडपांमागून एक गोल्फ कार्ट (गोल्फच्या मैदानावर फिरायची छोटी उघडी गाडी) अशी आडवी आली की मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी थांबली. डिकीतला गॅलनभर दुधाचा कॅन काही थांबला नाही. कार्टला दिवा नव्हता आणि चालवणाऱ्याला मिसरूड नव्हतं. वय अकरा, फार तर बारा. त्याच्या शेजारी एक, मागच्या उलट्या तोंडाच्या बाकावर दोन, आणि त्या दोघांच्या मध्ये, पाय ठेवायच्या फळीवर उभी राहून छताचा दांडा धरलेली एक चिमुरडी. मला ओळखून सगळ्यांनी हात हलवले. ‘हाय काका!’

मुलगा आपल्यातलाच. मंडळाच्या गणपतीत लेझीम छान खेळतो. म्हटलं, पोलीस-बिलीस नको, सरळ घरी जाऊन बोलावं. वडील दारातच भेटले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, ‘‘काका, टेन्शन घेऊ नका. आपली कार्ट स्ट्रीट लीगल आहे. मी किट लावलंय.’’ स्ट्रीट लीगल म्हणजे रस्त्यावर चालवायला कायदेशीर.

घरी येऊन डिकी पुसत बसलो (फ्लोरिडाच्या उन्हात सांडलेल्या दुधाचं काय होतं ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत) तेव्हा उजेड पडला की आपण शुद्ध गाढव आहोत. जे काम मी गेल्या वर्षी चार महिने खपून केलं, ते या माणसाने एका दुपारी उरकलं. तर वाचकहो, तुमच्याही गॅरेजमध्ये गोल्फ कार्ट असेल आणि तिला रस्ता दाखवायची हौस असेल, तर माझ्या मार्गाने जाऊ नका. त्याच्या मार्गाने जा. उपाय पुढे देतो आहे.

पहिला उपाय अर्थातच किट. ऑनलाइन मागवा, दोन दिवसांत घरी येतं. त्यात दोन हेडलाइट, मागचे दिवे, इंडिकेटर, हॉर्न आणि एखादा आरसा असतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोक्यावर ठळक अक्षरांत ‘स्ट्रीट लीगल’ छापलेलं असतं. किट लावा न लावा, खोकं जपून ठेवा. पोलिसाने अडवलंच तर खोकं दाखवता येईल. १९९८ साली इथल्या केंद्र सरकारने ‘लो स्पीड व्हेइकल’ (कमी वेगाची गाडी) नावाचा वेगळा वर्ग केला आणि त्यासाठी काय काय लागतं याची यादी छापली: दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर, आरसे, पार्किंग ब्रेक, ठरावीक दर्जाची पुढची काच, बसणाऱ्या प्रत्येकाला सीटबेल्ट, आणि व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. ही यादी वाचत बसू नका. किटमध्ये सीटबेल्ट नसतात आणि व्हीआयएन तर कुठल्याच खोक्यात येत नाही, हे कळून उगाच मनस्ताप होतो.

दुसरा उपाय: कागदपत्रांच्या नादी लागू नका. मी लागलो होतो, म्हणून कळकळीने सांगतो.

गोल्फ कार्टची ‘लो स्पीड व्हेइकल’ करून घ्यायची तर टायटलचा, म्हणजे मालकीच्या कागदाचा, अर्ज लागतो. कार्टमध्ये बदल केल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. कंपनीचं मूळ सर्टिफिकेट नसेल तर ‘ही गाडी मी बांधली’ असा बिल्डरचा जबाब लागतो. ठीक आहे, सात-आठ स्क्रू फिरवले होते, झालो बिल्डर. मग विमा. मग कार्टच्या वजनाची प्रमाणित पावती. घरातल्या वजनकाट्यावर कार्ट मावत नाही, म्हणून ट्रकच्या काट्यावर गेलो. पुढे अठरा चाकांचा ट्रक, मागे अठरा चाकांचा ट्रक, मध्ये ट्रेलरवर बांधलेली माझी कार्ट, छताला झालरीसकट. काट्यावरच्या बाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘‘एवढंच?’’

ट्रेलर का? कारण तपासणीला कार्ट चालवत नेता येत नाही. रस्त्यावर चालवायची परवानगी अजून मिळालेली नसते ना! पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, तसला प्रकार. ट्रेलर भाड्याने, ट्रेलर ओढायला मित्राची पिकअप, मित्राला दुपारचं जेवण. कचेरीत नंबर लावून बसलो. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, विम्याचा कागद कुठे? विमावालीला फोन केला. ती म्हणाली, व्हीआयएन सांगा. गृहस्थांना म्हटलं, व्हीआयएन द्या. ते म्हणाले, विमा आणा. मी दोघांना एकाच फोनवर घालून दिलं तर दोघंही माझ्यावर रागावले.

दुसऱ्या खेपेला तपासनीस बाहेर आले. उन्हात उभे राहून कार्टभोवती एक प्रदक्षिणा घातली. पुढच्या काचेचा कोपरा नखाने खरवडून म्हणाले, इथे ‘एएस-१’ किंवा ‘एएस-५’ असा शिक्का हवा. माझी काच म्हणजे स्वस्तातलं प्लास्टिक, तिच्यावर शिक्का कुठला! पुन्हा ट्रेलर, पुन्हा पिकअप, पुन्हा मित्राचं जेवण. तिसऱ्या खेपेला आरशाची पावती सापडेना. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही आपली म्हण घेऊन मी साता समुद्रापलीकडे आलो होतो, ती माझ्याआधीच इथे येऊन बसली होती.

आणि एवढं करून हातात काय आलं? मागे लावायला एक टॅग, म्हणजे नंबरप्लेट. आता मला कार्ट ताशी ३५ मैल किंवा त्याहून कमी मर्यादेच्या रस्त्यावरून नेता येते. आमच्या फाटकापासून किराणा दुकान जेमतेम अर्ध्या मैलावर आहे आणि तो अर्धा मैल ४५ चा आहे. तो रस्ता चौकात ओलांडायची मुभा आहे. त्यावरून जायची नाही. म्हणजे चार महिने, तीन ट्रेलर आणि मित्राची तीन जेवणं खर्चून मी माझी कार्ट कायदेशीरपणे क्लबहाउसपर्यंत नेऊ शकतो. जिथे ती आधीही जातच होती.

तेव्हा हे काहीही करू नका. किट लावा आणि मोकळे व्हा.

तिसरा उपाय वेगाचा. कार्ट हळू जाते ही मुख्य तक्रार. गोल्फच्या कार्टचा मूळ जन्मच ताशी १५ मैलांच्या आतबाहेर, गवतावरून, दोन माणसं आणि दोन पिशव्या घेऊन जाण्यासाठी झालेला. पण कंट्रोलरचं, म्हणजे वेग ताब्यात ठेवणाऱ्या यंत्राचं, सेटिंग बदललं की ती पळते. त्या किटवाल्या शेजाऱ्यांची ३२ वर जाते, हे मला त्यांच्या चिरंजीवांनीच अभिमानाने सांगितलं. फ्लोरिडाच्या कायद्यात २० मैलांच्या वर धावू शकली की ती गोल्फ कार्ट उरत नाही. २५ च्या वर गेली की लो स्पीड व्हेइकलही उरत नाही. म्हणजे धड घोडा नाही, धड गाढव नाही, दारात खेचर बांधलेलं. बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ही माहिती वेग वाढवताना मनात आणू नये, हात कापतो.

विम्याची काळजी नको. घराच्या विम्यात येतं सगळं. कुणी सांगितलं? कुणीतरी सांगितलं.

कार्टला चार-चार कपहोल्डर दिलेले असतात, ते काय ताकासाठी? कार्टवर पिऊन बसलं तरी गुन्हा मोटारीइतकाच, असं काही रसभंग करणारे लोक सांगतील. (खरं सांगतात.)

दिवे लावू नका, बॅटरी उतरते. फ्लोरिडात साध्या गोल्फ कार्टला सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच वेळ नेमून दिलेली आहे. गावाने रात्रीची परवानगी दिली असेल तरच त्यानंतर, तीही हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि पुढची काच असली तर. पण सूर्य नेमका कधी मावळला हे शेवटी ज्याने त्याने ठरवायचं.

कुणी हटकलंच तर ‘‘द व्हिलेजेसमध्ये सगळे चालवतात’’ हे वाक्य तयार ठेवा. (द व्हिलेजेस म्हणजे फ्लोरिडातलंच निवृत्तांचं मोठं गाव.) फार गुणकारी आहे. शेजाऱ्यांनीही मला तेच ऐकवलं. हो, चालवतात. तिथे २००५ साली ३,३२१ कार्टची मिरवणूक निघाली होती. जॉर्जियात पीचट्री सिटीलाही जिकडेतिकडे कार्ट दिसतात. पण या गावांनी कार्टसाठी मैलोन्‌मैल वेगळ्या वाटा बांधल्या. मोठ्या रस्त्यांखालून बोगदे काढले, वरून पूल टाकले. आपल्या सबडिव्हिजनमध्ये फुटपाथसुद्धा तळ्यापाशी अर्ध्यातच संपतो. आणि एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना? माझं गवत दोन बोटं वाढलं की पत्र येतं. मेलबॉक्सचा रंग उडाला की फोटोसकट पत्र येतं. अंधारात बिनदिव्याची कार्ट ३२ च्या वेगाने फिरते, तेव्हा पत्र लिहिणारा कुठे जातो देव जाणे.

आता शेवटचा आणि सगळ्यात उपयोगी उपाय: चालवायला मुलांना द्या. तुमचा वेळ वाचतो. मुलं स्क्रीनपासून लांब राहतात, बाहेरची हवा खातात, आत्मविश्वास वाढतो. पूर्वी इथे १४ वर्षांची अट होती. २०२३ च्या १ ऑक्टोबरपासून ती बदलली. आता १८ च्या आतल्या मुलाला लर्नर परमिट किंवा लायसन्स पाहिजे, म्हणजे १५ वर्षांच्या आत कार्टला हात नाही. हे नियम साध्या, बिनटॅगच्या गोल्फ कार्टचे. टॅग असेल तर लायसन्स लागतंच. तुमच्या मुलाचं वय अकरा. अकरा! चार वर्षं कुठून आणलीत? तीही किटमध्ये मिळाली का?

मला काय म्हणालात तुम्ही? ‘‘काका, तो फार जबाबदार आहे, व्हिडिओ गेममध्ये एकदाही आपटत नाही.’’ मी तेव्हा काही बोललो नाही, कारण तुमची आई आतून चहा घेऊन आली होती. आता बोलतो.

त्या कार्टला दार नाही. मागच्या बाकाला पट्टा नाही. तुमचा मुलगा डावीकडे जोरात वळला की उजवीकडे बसलेलं पोर बाहेर फेकलं जाणार, त्याने कितीही घट्ट धरलं तरी. मागच्या उलट्या बाकावरच्यांना तर पुढे काय येतंय हेही दिसत नाही. झटका बसला की ती सरळ रस्त्यावर, आणि पडणार ती डोक्यावर. त्या फळीवर उभी असलेली मुलगी तुमची नव्हती. ती कोपऱ्यावरच्या घरातली. तिच्या आईला माहीत आहे का, ती तुमच्या कार्टवर उभ्याने फिरते? तुम्ही विचारलंत? मी विचारलं. तिला वाटत होतं, मुलं तुमच्या अंगणात खेळतायत.

आणि हे तुम्ही. पुण्याला गेलात की परत येऊन तासभर तिकडच्या ट्रॅफिकवर बोलता. एका स्कूटरवर चौघं बसतात, हेल्मेट नाही, लोकांना शिस्तच नाही, म्हणून तर आपण इकडे आलो. मंडळाच्या पिकनिकला मोटारीत मुलांच्या सीट नीट लावल्यात की नाही हे तुम्ही स्वतः वाकून बघता, आणि बरोबर करता. मग तीच मुलं कार्टमध्ये बसली की त्यांची हाडं रबराची होतात का? गॅरेजचं दार वर गेलं की अक्कल आत राहते का?

माझ्या गाडीला ब्रेक चांगले होते. माझ्या मागून येणाऱ्या पिकअपवाल्याचा फोन हातात नव्हता. मी त्या दिवशी चष्मा घालून निघालो होतो. तुमचा मुलगा या तीन गोष्टींवर घरी आला, तुमच्या किटवर नाही.

दुधाचे पैसे नकोत. कंट्रोलर पूर्वीसारखा करून घ्या. मागचा बाक काढा, नाहीतर पट्टे बसवा. टॅग करायचा असेल तर सांगा, अर्ज कसे भरायचे ते शिकवतो, वजनकाट्यापर्यंत ट्रेलरही मी ओढून देईन. ते सगळं नंतर. आधी त्या मुलाच्या हातातली चावी काढून घ्या. उद्या नाही. आज, हे वाचून झाल्या झाल्या. रडला तर रडू द्या.